गरोदर बाईला संशोधनाच्या दाराबाहेर ठेवू नका

प्रति,
महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालये, रुग्णालये आणि संशोधन संस्था यांच्या एथिक्स कमिट्यांचे सर्व सन्माननीय सदस्य

स. न. वि. वि.

मी पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करते. माणसांवरच्या संशोधनाला परवानगी द्यायची की नाही हे तुमच्या कमिट्या ठरवतात. तुमच्यापुढे येणाऱ्या बहुतेक औषध-चाचण्यांच्या आराखड्यांत 'कोणाला घेऊ नये' अशी एक यादी असते आणि त्या यादीत 'गर्भवती व स्तनदा माता' ही ओळ हमखास असते. या ओळीवर सहसा कोणी प्रश्न विचारत नाही. बाळाचा जीव जपायचा म्हणून ती घातली आहे असं सगळेच धरून चालतात. तिने बाळाचा जीव जपला जात नाही, हे माझं म्हणणं आहे. ते सांगण्यासाठीच हे पत्र.

तुमच्या कमिटीने जिला वगळलं ती बाई माझ्या ओपीडीत येते. तिला दमा असतो, थायरॉईड असतो, बीपी असतं, क्षयरोग असतो, आकडी येत असते. दिवस गेले म्हणून हे आजार थांबत नाहीत. मला तिला औषध लिहून द्यावंच लागतं. ते लिहिताना मी औषधाच्या डब्यातली घडीची चिठ्ठी उघडते, तर तिथे बारीक अक्षरात एवढंच असतं की गर्भावस्थेतल्या वापराबाबत पुरेशी माहिती उपलब्ध नाही, डॉक्टरांनी फायदा-तोटा पाहून ठरवावं. फायदा-तोटा कशावरून पाहायचा? ज्या चाचणीतून तो कळला असता, तिच्यातून या बाईला आधीच बाहेर काढलेलं असतं.

गेल्या पावसाळ्यात एक पहिलटकरीण आली. पाचवा महिना लागलेला. आकडीच्या गोळ्या ती लग्नाआधीपासून घेत होती. दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात घरातल्यांनी सांगितलं, 'आता गोळ्याबिळ्या नकोत, बाळाला लागतील.' तिने गोळ्या बंद केल्या. दोन महिने निभावले. मग एके दिवशी चुलीपुढे भाकरी थापत असताना झटका आला आणि उजवा हात मनगटापर्यंत तव्यावर गेला. हाताला पट्टी बांधून घेताना ती मला एकच गोष्ट विचारत होती, 'मॅडम, झटक्यात बाळाला काय झालं का? आन् गोळी सुरू केली तर काय होईल?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी सोनोग्राफी करून दिलं. दुसऱ्याचं उत्तर ती कोणती गोळी घेत होती यावर अवलंबून होतं, आणि ते मला देता आलं याचं श्रेय तिच्यासारख्याच हजारो बायकांना आहे. आकडीचं औषध घेत असतानाच त्यांनी गरोदरपणाची नोंद करू दिली, बाळांची तपासणी करू दिली. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने १९९८ पासून अशी नोंदवही चालवली आहे. युरोपातही अशा नोंदवह्या आहेत. त्यांच्यामुळेच आज आपल्याला ठाऊक आहे की आईच्या पोटात असताना व्हॅल्प्रोएट हे आकडीचं औषध मिळालेल्या दहा बाळांमागे साधारण एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं, आणि ३० ते ४० टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीत अडचणी दिसतात. लॅमोट्रिजीन या आकडीच्या दुसऱ्या औषधाबाबत असं आढळलेलं नाही. पण गरोदरपणात शरीर ते औषध इतक्या झपाट्याने बाहेर टाकतं की रक्तातलं प्रमाण अर्ध्यावर येऊ शकतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. हे सगळं गरोदर बायकांमध्येच पाहावं लागतं. पुरुषांवर किंवा पोटुशी नसलेल्या बायकांवर कितीही चाचण्या केल्या तरी ते कळणार नाही.

आईकडून बाळाकडे काय जातं आणि काय जात नाही, हे वारेवर, म्हणजे बाळाला आईशी जोडणाऱ्या प्लॅसेंटावर, ठरतं. बाळंतपणानंतर आम्ही वार ट्रेमध्ये पसरून पूर्ण आली की नाही ते बघतो. साधारण अर्धा किलोचा, तळहाताहून मोठा मांसल गोळा. नऊ महिने या गोळ्याने केलेली निवड थक्क करणारी असते. आईच्या रक्तातली साखर ती बाळाकडे जाऊ देते, आईचं इन्सुलिन जाऊ देत नाही. म्हणून मधुमेही आईला इन्सुलिन देताना आम्ही निर्धास्त असतो. पण तिची साखर वाढलेली राहिली, तर ती साखर बाळाकडे जाते, बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन बनवू लागतं आणि बाळ अंगाने भरत जातं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एकदम थांबतो, इन्सुलिन मात्र अजून वाहत असतं. अशा चार किलोच्या गुबगुबीत बाळाला बघायला नातेवाईक खुशीत असतात आणि आमची सिस्टर तासाभराने त्याच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून साखर तपासत असते, कारण ती चाळिसाच्या खाली गेली तर बाळ थरथरू लागतं, कधी झटकाही येतो.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांत वॉरफरिन वार ओलांडतं, हेपॅरिन ओलांडत नाही. आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी काही प्रतिपिंडं वार स्वतःहून उचलून पलीकडे नेते. हे काम मुख्यतः सातव्या महिन्यानंतर जोरात चालतं, आणि पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांचं प्रमाण आईइतकं किंवा थोडं जास्तच असतं. धनुर्वाताची लस आईला दिली की बाळ वाचतं ते यामुळेच. माझ्या आधीच्या पिढीतल्या डॉक्टरांनी आठव्या दिवशी ताठ होऊन दगावणारी बाळं पाहिली आहेत. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. आज माझ्या हाताखालच्या तरुण डॉक्टरांनी असं बाळ पाहिलेलंच नाही.

तुमच्यापैकी कोणीतरी इथे थॅलिडोमाइडचं नाव काढेल. काढायलाच हवं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं, गरोदर बायकांना मळमळीवरही दिलं जाऊ लागलं, आणि १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतलं जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळं हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. ती व्यंगं कुठल्या संशोधनामुळे झाली नव्हती. औषध गर्भावर काय करतं याचा नीट अभ्यास न करताच ते विकलं गेलं, म्हणून झाली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी बाईंनी पुरावा पुरेसा नाही म्हणून परवानगी अडवून धरली आणि तिथली असंख्य बाळं वाचली. या सगळ्याचा धडा 'अभ्यास करा' असा होता. जगाने तो 'गरोदर बाईला अभ्यासात घेऊ नका' असा घेतला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांनाच सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना काढली. ती सैल व्हायला १९९३ उजाडलं. आपल्याकडच्या आराखड्यांतली ती ओळ त्याच वळणाची आहे.

आता पुण्यातल्याच एका चाचणीबद्दल सांगते, कारण मला वाटतं तुमच्या प्रत्येक बैठकीत तिची आठवण निघावी. एचआयव्ही असलेल्या माणसाला क्षयरोग होऊ नये म्हणून आयसोनियाझिड देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये गरोदर बायकांनाही ते द्यायला हरकत नाही असं सांगितलं. पण गरोदरपणात ते सुरू केल्यावर आई-बाळाचं काय होतं, याची नीट बेतलेली चाचणी झालेलीच नव्हती. पुढे भारतासह आठ देशांत ९५६ एचआयव्हीबाधित गरोदर बायकांना घेऊन ती झाली. आपल्या देशातलं केंद्र पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात होतं. निम्म्या बायकांना औषध गरोदरपणातच सुरू केलं, निम्म्यांना बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी. २०१९ मध्ये निकाल छापून आला. क्षयरोगाच्या प्रमाणात दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. पण गर्भपात, मृत जन्म, अपुरे दिवस, कमी वजन, जन्मजात व्यंग यांपैकी काही ना काही घडण्याचं प्रमाण गरोदरपणात औषध घेतलेल्या गटात २३.६ टक्के होतं आणि नंतर घेतलेल्या गटात १७ टक्के.

यावर पुढे वाद झाला, इतर काही निरीक्षणांत असा धोका दिसला नाही, आणि जागतिक संघटनेने गरोदरपण हे औषध नाकारण्याचं कारण मानलेलं नाही. वाद व्हायलाच हवा. पण तो आता आकड्यांवर होतो आहे. त्या ९५६ बायका पुढे आल्या नसत्या, तर हेच औषध वर्षानुवर्षं दिलं गेलं असतं. एखादीचं बाळ अपुऱ्या दिवसांचं जन्मलं असतं, तर आम्ही म्हणालो असतो, 'होतं असं कधी कधी.' माझ्या ओपीडीत एका वेळी एकच बाई असते. एका बाईवरून काही कळत नाही.

उलट बाजूनेही हेच घडतं. डोलुटेग्राविर हे एचआयव्हीवरचं चांगलं औषध. बोट्स्वानात २०१४ पासून बाळंतपणांची मोठी नोंद ठेवली जात होती. मे २०१८ मध्ये त्या नोंदीत दिसलं की गर्भ राहताना हे औषध चालू असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मज्जारज्जूत दोष आहे. धोक्याची सूचना निघाली आणि जगभर मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना हे औषध देताना हात आखडता घेतला गेला. नोंदी चालूच राहिल्या. वर्षभरात आकडा १६८३ मध्ये ५ असा खाली आला, आणि जुलै २०१९ मध्ये जागतिक संघटनेने ते सगळ्यांसाठी पुन्हा शिफारशीत आणलं. त्यानंतर जास्त बाळंतपणं मोजल्यावर इतर औषधांच्या तुलनेत फरक उरला नाही. धोक्याची घंटाही नोंदीने वाजवली आणि दिलासाही नोंदीनेच दिला. नोंद नसती तर भीती तरी कायमची राहिली असती, नाहीतर धोका तरी.

एचआयव्ही आईकडून बाळाकडे जाऊ नये यासाठीचा सगळा इतिहासच गरोदर बायकांच्या सहभागाचा आहे. १९९४ मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीत झिडोव्हुडिन या औषधामुळे बाळाला होणाऱ्या संसर्गाचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. १९९९ मध्ये युगांडात बाळंतपणाच्या वेळी आईला आणि जन्मल्यावर बाळाला नेव्हिरापिनचा एकेक डोस देऊन ते जवळजवळ निम्म्यावर आणता येतं हे दिसलं. अंगावर पाजणाऱ्या आयांच्या बाळांना सहा आठवडे नेव्हिरापिन द्यावं का, हे तपासणाऱ्या चाचणीत पुण्याच्या आया होत्या. आज माझ्याकडे एचआयव्ही असलेली बाई आली तर मी तिला ठामपणे सांगते की औषध नेमाने घेतलंस तर तुझं बाळ बिनसंसर्गाचं जन्माला येण्याची शक्यता फार मोठी आहे. या ठामपणामागे कोण कोण उभं आहे ते मला माहीत आहे.

आणि औषधं बाजूला ठेवली तरी, निव्वळ अन्नातून काय जातं याचं उत्तर आपल्या मातीतूनच आलं आहे. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक त्यांच्यासोबत होते. ही शेतात राबणारी बायामाणसं होती. त्यांच्या ताटात काय आहे ते वजनकाट्यावर मोजलं गेलं, त्या दिवसभरात किती काम करतात ते लिहून घेतलं गेलं, बाळ जन्मल्यावर लांबी, डोक्याचा घेर, दंडावरची आणि पाठीवरची चरबी चिमट्याने मोजली गेली. बाळाचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास निघालं, साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन किलो. हातपाय काटकुळे, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून होती. दिसायला रोड आणि आतून चरबीदार असं हे भारतीय बाळ जगाला दाखवलं ते या गावांनी. मोठेपणी आपल्या लोकांना कमी वयात, कमी वजनातही मधुमेह का होतो याचा एक धागा तिथे सापडला.

याच अभ्यासात दिसलं की आईने एकूण किती खाल्लं यापेक्षा हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते, याचा बाळाच्या आकाराशी जास्त संबंध आहे. ६० टक्क्यांहून अधिक बायकांत बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा ज्यांच्या आयांच्या रक्तात बी-१२ कमी आणि फोलेट (फोलिक ॲसिड ज्या गटातलं, ते जीवनसत्त्व) जास्त होतं, त्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात अधिक आढळली. २००८ साली हे छापून आलं. आपण प्रत्येक गरोदर बाईला लोह आणि फोलिक ॲसिडच्या गोळ्या देतो, आणि द्यायलाच हव्यात. बाळाच्या मज्जारज्जूतले दोष फोलिक ॲसिडमुळे टळतात हेही १९९१ मध्ये चाचणीनेच सिद्ध झालं आहे. पण त्याच्या जोडीला बी-१२ चं काय, हा प्रश्न पुण्याच्या गावांनी विचारला. पुढे तीच मुलं वयात आल्यावर त्यांना बी-१२ देऊन त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांवर काय परिणाम होतो, याची चाचणी २०१२ पासून सुरू झाली. एका अभ्यासात आई, मुलगी आणि नातवंड अशा तीन पिढ्या. मला आपल्या जिल्ह्याचा याहून मोठा अभिमान दुसरा नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्येही २००६ पासून बायकांना दिवस जाण्याच्या आधीपासून पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ देऊन चाचणी झाली. त्यात गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ वरून ७.३ टक्क्यांवर आल्याचं दिसलं.

गावातली अडाणी बाई संशोधनाला तयार होत नाही, हा समज या अभ्यासांनी कधीच मोडून काढला आहे. नीट समजावून सांगितलं, पुन्हा पुन्हा घरी गेलं, तिचा वेळ जपला, तर ती येते. आपल्या पोरांनाही घेऊन येते.

कोविडचं मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवणं मला अजून जड जातं. १६ जानेवारी २०२१ रोजी लसीकरण सुरू झालं. चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या, म्हणून त्यांच्याबद्दल माहिती नव्हती, म्हणून त्यांना लस नव्हती. २ जुलैला परवानगी आली. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या 'प्रेगकोविड' नोंदीतून निघालेला आकडा असा: कोविड झालेल्या गरोदर व बाळंत बायकांत लक्षणं असलेल्यांचं प्रमाण पहिल्या लाटेत १४.२ टक्के, दुसऱ्या लाटेत २८.७ टक्के, मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यावरून ५.७ टक्क्यांवर. लस वेळेत मिळती तर यातल्या किती वाचल्या असत्या, हे मी सांगू शकत नाही. पण त्यांना वाट पाहायला लावणारी ओळ कुठल्यातरी कमिटीसमोर आली होती आणि तिच्याकडे बोट दाखवून कोणी विचारलं नव्हतं, 'यांचं काय?'

तुमच्या मनातली भीती मी हलकी समजत नाही. तिला आधार आहे. १९५० ते १९५२ या काळात शिकागो विद्यापीठाच्या प्रसूतिगृहात शेकडो बायकांना स्टिलबेस्ट्रॉल नावाचं संप्रेरक दिलं गेलं आणि आपण एका प्रयोगाचा भाग आहोत हे त्यांना सांगितलं गेलं नाही. पुढे १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी दाखवलं की हे औषध घेतलेल्या आयांच्या मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा दुर्मीळ कर्करोग होतो आहे. वार ओलांडून गेलेल्या औषधाने वीस वर्षांनी डोकं वर काढलं. शिकागोच्या त्या बायकांवर अन्याय झाला यात शंका नाही. मात्र त्याच चाचणीने १९५३ मध्येच हेही दाखवलं होतं की हे औषध गर्भपात टाळण्याच्या कामी काडीचंही उपयोगी नाही, आणि तरीही ते पुढे जवळजवळ दोन दशकं सर्रास लिहून दिलं जात राहिलं. बायकांना न विचारणं हा एक गुन्हा, आणि त्यांच्याकडून कळलेलं न ऐकणं हा दुसरा. १९९७ मध्येही मोठा वाद झाला, कारण थायलंड आणि आफ्रिकेतल्या एचआयव्ही चाचण्यांत काही गरोदर बायकांना औषधाऐवजी नुसती साखरेची गोळी दिली जात होती, जेव्हा अमेरिकेत कामी येणारं औषध ठाऊक झालेलं होतं. गरीब देशातल्या बाईला कमी मोलाची समजलं जाण्याचा धोका खरा आहे, आणि तुमच्या कमिट्या त्यासाठीच आहेत. म्हणूनच हे पत्र औषध कंपन्यांना न लिहिता मी तुम्हाला लिहिते आहे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं गरोदर बाईला तिच्या आरोग्याच्या गरजेशी जोडलेल्या संशोधनात भाग घेण्याचा हक्क आहे असं मानतात. तेव्हा मी तुमच्याकडे जे मागते आहे ते नियमाबाहेरचं नाही.

पुढच्या बैठकीत 'गर्भवती वगळल्या' ही ओळ दिसली की संशोधकाला लेखी कारण विचारा. प्राण्यांवरच्या अभ्यासात गर्भाला इजा दिसली असेल, किंवा औषध फारच नवं असेल, तर ते कारण योग्य आहे. 'नेहमीच वगळतो' हे कारण नव्हे. ज्या आजारावरचं औषध गरोदर बायका उद्या घेणारच आहेत, क्षयरोग, मलेरिया, रक्तदाब, आकडी, नैराश्य, तिथे त्यांच्यासाठीचा अभ्यास कधी आणि कसा होणार, याचा आराखडा आधीच मागा.

चाचणी चालू असताना एखादीला दिवस गेले, तर आजवरची रीत अशी की औषध बंद करायचं आणि तिचं नाव काढून टाकायचं. औषध बंद करायचं की नाही हे तिच्याशी बोलून ठरवा, पण तिला सोडून देऊ नका. बाळ जन्मेपर्यंत आणि नंतरही, तिची इच्छा असेल तर, तिची नोंद ठेवायला लावा. गर्भातल्या बाळाला इजा झाली तर भरपाईची तरतूद आपल्या नियमांत आहे. ती संमतिपत्रात तिला कळेल अशा मराठीत लिहिली आहे का, ते स्वतः वाचून पाहा.

ज्या बायका आजारासाठी औषध आधीच घेत आहेत, त्यांच्यातले अभ्यास सगळ्यात कमी जोखमीचे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षलेले आहेत. बाळंतपणाच्या वेळी आईच्या हातातून थोडं रक्त आणि नाळ कापल्यावर नाळेच्या बाजूचं रक्त, जे एरवी वारेबरोबर फेकूनच देतात. एवढ्यावरून कळतं की औषध पलीकडे किती गेलं. अशा अभ्यासाला मोठ्या चाचणीइतकी कागदपत्रं आणि महिने लावू नका. तालुक्याच्या ठिकाणीही हे होऊ शकतं. नाळ चिमटीत धरून सुई घालायला आणि नळीवर आईचा क्रमांक चिकटवायला आमच्या सिस्टरला अर्धं मिनिट पुरतं. पुढे नमुना थंड पेटीत ठेवून शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची सोय तेवढी लागते.

संमतीबद्दल एक विनंती. कळा सुरू झालेल्या बाईसमोर बारा पानी संमतिपत्र ठेवू नका. मी ते पाहिलं आहे, लेबर रूमच्या दारात नवऱ्याच्या हातात पेन आणि आत ती ओरडते आहे. संमती चौथ्या-पाचव्या महिन्यात घ्या, आणि नवव्या महिन्यात पुन्हा विचारा. नवरा आणि सासू सोबत असतील तर त्यांनाही समजावून सांगा, कारण ती त्याच घरात राहते. पण सही तिची हवी, आणि त्यांचा नकार तिच्या होकारावर चालता कामा नये. नको म्हणाली तर तिच्या उपचारात काडीचाही फरक पडणार नाही, हे तिला तिच्या समोर बसलेल्या माणसाच्या तोंडून ऐकू आलं पाहिजे.

आणि माहेराचा विचार करा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या-आठव्या महिन्यात बाई जुन्नरहून साताऱ्याला जाते, आणि शहरात बसून आखलेल्या अभ्यासात ती 'संपर्क तुटला' या रकान्यात पडते. तिचा संपर्क तुटलेला नसतो, ती आईकडे गेलेली असते. माहेरचा पत्ता, तिथल्या आशाताईंचा फोन आणि तिथल्या दवाखान्याशी बोलणी, हे आराखड्यात आहे का ते विचारा. नसेल तर आराखडा परत पाठवा.

शेवटचं मागणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. अभ्यास संपला की निबंध परदेशी नियतकालिकात छापून येतो, परिषदेत वाचला जातो, आणि जिने रक्त दिलं तिला काही कळत नाही. परवानगी देतानाच अट घाला की निकाल त्या बायकांना मराठीत, त्यांच्या गावात जाऊन सांगितला जाईल, चांगला असो वा वाईट, आणि तो खर्च अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरलेला असेल. ते झाल्याचा अहवाल तुमच्या टेबलावर आल्याखेरीज फाईल बंद करू नका.

आपली,
एक स्त्रीरोगतज्ज्ञ, पुणे जिल्हा